रबर बोल

बाबांच्या डब्याच्या पिशवीला एक वास असायचा. रबर, गंधक आणि त्यात मिसळलेली लसणाची चटणी. नाशिकच्या एमआयडीसीत एका टायरच्या कारखान्यात ते २८ वर्षं क्युरिंग खात्यात, म्हणजे कच्चा टायर साच्यात तापवून पक्का करायच्या खात्यात होते. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची, कारण कार्बन ब्लॅक, म्हणजे रबरात घालायची काजळी, एकदा दुसऱ्या कपड्याला लागलं की निघत नाही. हा वास मला अमेरिकेत पहिल्यांदा आला तो प्रयोगशाळेत नाही. आला तो अमेरिकन फुटबॉलच्या एका स्टेडियममध्ये, एका म्हाताऱ्या माणसाने माझ्यापुढे सरकवलेल्या उशीला.

ते स्टेडियम म्हणजे ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहराचं रबर बोल; यातलं बोल म्हणजे इंग्रजीतला वाडगा. आज ते नाही. ज्या रात्री कॉलेजच्या संघाने तिथला शेवटचा सामना खेळला, त्या रात्री मी तिथे होते. त्याबद्दल लिहायचं कित्येक वर्षं मनात होतं. मध्यंतरी कॅलिफोर्नियातली बातमी वाचली: यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा संघ पॅसाडेनाचं रोझ बोल स्टेडियम सोडायच्या विचारात आहे, आणि पॅसाडेना शहराने त्यावरून कोर्टात धाव घेतली आहे. १९२२ चं शहराच्या मालकीचं स्टेडियम, १९८२ पासून तिथे खेळणारा संघ, २०४४ पर्यंतचा करार. मोठ्या लोकांची मोठी भांडणं. पण ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर अ‍ॅक्रनची ओबडधोबड सिमेंटची पायरीच आली.

मुंबईत माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेतून पॉलिमरची, म्हणजे रबर-प्लास्टिकसारख्या पदार्थांच्या शास्त्राची, पदवी घेऊन २००६ च्या ऑगस्टमध्ये मी अ‍ॅक्रनला आले. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला अ‍ॅक्रन का, हे सांगावं लागत नाही. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल टायर ही चारही नावं या एका शहराची. रबर रसायनशास्त्र हा विषय कॉलेजात शिकवायला सुरुवात झाली तीही इथे, १९०९ च्या सुमाराला. मी आले तेव्हा टायरचे मोठे कारखाने बंद होऊन पंचवीस वर्षं उलटली होती. १९६० मध्ये शहराची लोकसंख्या २ लाख ९० हजार होती. २०१० च्या जनगणनेत ती २ लाखांच्याही खाली आली. पॉलिमर सेंटरचे काचेचे दोन टॉवर कॅम्पसवर झगमगायचे, आणि त्यांच्यापासून दहा मिनिटांवर लाल विटांच्या कारखान्यांच्या फुटक्या खिडक्यांतून कबुतरं ये-जा करायची.

आम्ही तिघी मुली एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. शेजारच्या घरात एक आजोबा एकटेच राहत. वय ७६. ३१ वर्षं टायर बिल्डर, म्हणजे फिरत्या ड्रमवर कापडाचे आणि रबराचे थर हाताने चढवून कच्चा टायर बांधणारा कारागीर. तोंडावर मी त्यांना मिस्टर लावून आडनावाने हाक मारायचे, मनात मात्र ते पहिल्या दिवसापासून आजोबाच होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पूर्ण सरळ होत नसत. माझे बाबा क्युरिंग प्रेसवर काम करतात असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो प्रेस कोणत्या बनावटीचा, हा. मी रात्री नाशिकला फोन करून विचारलं. बाबांनी सांगितलं आणि वर म्हणाले, "त्यांना विचार, उन्हाळ्यात खात्यात मीठ-पाणी द्यायचे का." दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मिठाच्या गोळ्या द्यायचे. त्या दोघांची भेट कधीच झाली नाही, पण पुढची काही वर्षं माझ्यामार्फत त्यांचं असं बोलणं चालू होतं.

सप्टेंबरात एका शनिवारी आजोबा म्हणाले, "पोरी, सामन्याला येतेस का? एक तिकीट जास्तीचं आहे." ते तिकीट त्यांच्या बायकोचं होतं. ती दोन वर्षांपूर्वी गेली, तरी ते दरवर्षी शेजारशेजारच्या दोन जागांची तिकिटं काढत होते. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मला खेळ ओ की ठो कळत नव्हता. नाशिकला मैदान म्हणजे गोल्फ क्लब, आणि तिथे क्रिकेट. आजोबांनी जाता जाता गाडीत सांगितलं: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्याला. एवढं कळलं की बाकी आपोआप कळतं. खरंच कळलं. संघाचं नाव झिप्स. गुडरिच कंपनीचे चेनवाले रबरी बूट होते, त्यांचं नाव झिपर्स. १९२५ मध्ये विद्यार्थ्यांत स्पर्धा घेऊन तेच नाव संघाला दिलं आणि १९५० मध्ये ते छोटं करून झिप्स केलं. शुभंकर कांगारू, झिपी नावाची. बुटावरून नाव पडलेला संघ रबरावरून नाव पडलेल्या मैदानात खेळतो, यात तिथल्या कुणालाच काही विशेष वाटत नसे. आमच्याकडे साखर कारखान्याच्या नावाने शाळा, बँक आणि बसथांबा असतो, तसंच ते.

रबर बोल कॅम्पसपासून पाच-सहा मैलांवर, शहराच्या आग्नेयेला. १९४० मध्ये बांधलेलं. महामंदीत बेकारांना हाताला काम मिळावं म्हणून सरकारने डब्ल्यूपीए नावाची योजना काढली होती, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखी. तिच्यातून ते उभं राहिलं. उभं राहिलं म्हणण्यापेक्षा खोदलं गेलं म्हणायला हवं, कारण टेकडीच्या उतारात वाडग्यासारखा खळगा करून त्यात पायऱ्या बसवल्या होत्या. क्षमता सुमारे ३५ हजार. बाहेरून आलं की स्टेडियम असं समोर दिसतच नसे. फाटकातून आत शिरलं की एकदम पायाखालची जमीन खाली उतरत जायची आणि तळाशी हिरवा पट्टा.

आजूबाजूला तीन गोष्टी. एका बाजूला डर्बी डाउन्स, म्हणजे सोप बॉक्स डर्बीचा उताराचा रस्ता. दर उन्हाळ्यात देशभरातली पोरं बिनइंजिनाच्या गाड्या घेऊन तिथे येतात आणि उतारावरून सोडतात. दुसरीकडे फुल्टन विमानतळ. आणि थोडं पलीकडे गुडइयरचा एअरडॉक: १९२९ चा, हवाई जहाजं बांधायला उभारलेला, ११७५ फूट लांब, काळपट, पालथ्या घातलेल्या होडीसारखा. तो आतून एवढा मोठा आहे की दमट दिवसात त्याच्या छताखाली धुकं जमून थेंब पडतात असं सांगतात. वरच्या ओळीत बसलं की डोळे सामन्यावरून हटून सारखे त्याच्याकडे जायचे.

आमची ओळ बरीच वर होती. बसायला पाठ नसलेली लांब बाकडी. पायऱ्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या, काही ठिकाणी सिमेंटचा पापुद्रा निघून आतली गंजकी सळई दिसायची. आजोबा चढताना प्रत्येक सातव्या-आठव्या पायरीला थांबत आणि थांबण्याला निमित्त म्हणून कुणाशी तरी बोलत. बोलायला माणसं होतीच. त्या ओळीत आणि मागच्या-पुढच्या ओळीत बहुतेक सगळे जुने कारखानेवाले, त्यांच्या बायका, एखादा नातू. बावीस-पंचवीस वर्षं तीच माणसं तीच जागा धरून बसत होती. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची पेन्शन कमी झाली, कुणाचा मुलगा टेक्सासला गेला, हे सगळं पहिल्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पहिल्या चतुर्थांशात, बोलून व्हायचं. मग सामना.

आणि ती उशी. फोम रबराचे दोन जाड तुकडे, एकावर एक चिकटवलेले. कारखान्याच्या शेवटच्या वर्षात आजोबांनी भंगारातून मागून आणले होते. वरचं कापड म्हणजे जुना पिवळा रेनकोट. बायकोने तो उसवून, उलटा करून, मशिनवर शिवला होता. एका कोपऱ्याला पट्टी, खांद्याला अडकवायला. शिवणीशी कापड विरलं होतं आणि आतला फोम तपकिरी होऊन भुगा व्हायला लागला होता. नैसर्गिक रबराचा फोम म्हातारा झाला की असाच होतो; ऑक्सिजन साखळ्या तोडत जातो, आधी चिकट होतो, मग ठिसूळ. मी त्याच विषयात शिकत होते. उशी हातात घेतली, नाकाशी नेली, आणि मला सातपूरचा आमचा ओटा दिसला. डोळे भरून आले. आजोबांना वाटलं मला थंडी वाजते आहे. त्यांनी थर्मासमधली कॉफी पुढे केली.

त्या दिवसापासून घरच्या सामन्यांना मी जमेल तेव्हा जायला लागले. संघ काही फार जिंकत नव्हता. २००५ मध्ये डेट्रॉइटला नॉर्दर्न इलिनॉयला ३१-३० हरवून त्यांनी मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या आपल्या विद्यापीठ-गटाचं विजेतेपद मिळवलं होतं, अगदी शेवटच्या क्षणी टचडाउन करून, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेऊन; ती आठवण ओळीतले सगळे पुरवून पुरवून वापरत. आणखीही आठवणी होत्या. १९५२ चे डॅलस टेक्सन्स हे आजोबांचं आवडतं प्रकरण. मालकांचे पैसे संपले, डॅलस सुटलं, त्या व्यावसायिक संघाला घरच उरलं नाही. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तो रबर बोलमध्ये शिकागो बेअर्सशी खेळला आणि २७-२३ ने जिंकला. अख्ख्या मोसमातला त्यांचा तो एकच विजय, आणि तो या पायऱ्यांसमोर. १९७२ मध्ये रोलिंग स्टोन्स इथे गाऊन गेले, १९८६ मध्ये बॉब डिलन आणि ग्रेटफुल डेड. त्या दोन्ही दिवशी आजोबा पाळीवर होते की घरी, यावर त्यांच्यात आणि मागच्या ओळीतल्या मित्रात दरवेळी वाद व्हायचा.

आता दुसरी बाजू, आणि ती माझीच. मी विद्यार्थिनी होते. माझ्या प्रयोगशाळेतल्या कुणालाही रबर बोलला जायचं नसायचं. कॅम्पसवरून बसची वाट बघा, पाच-सहा मैल जा, दगडासारख्या बाकड्यावर तीन-साडेतीन तास बसा, स्वच्छतागृहाच्या रांगेत अर्धा क्वार्टर घालवा, परत बसची वाट बघा. ३५ हजारांच्या वाडग्यात आठ-दहा हजार माणसं बसली की तो रिकामाच दिसतो, आणि रिकाम्या मैदानात आपण ओरडलो तरी आपलाच आवाज ऐकू येतो. १९७१ मध्ये शहराने हे स्टेडियम विद्यापीठाला एका डॉलरला दिलं होतं. एका डॉलरला मिळालेली वस्तू वर्षानुवर्षं डागडुजी मागत राहते, हे घर सांभाळलेल्या कुणालाही समजेल. सिमेंटमध्ये पाणी शिरतं, हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, भेग वाढते. ओहायोत हे एका हिवाळ्यात कितीतरी वेळा होतं. साठ-पासष्ट हिवाळे म्हणजे पुष्कळ झाले.

म्हणून विद्यापीठाने कॅम्पसवर नवं स्टेडियम बांधायला घेतलं तेव्हा मला आनंद झाला, आणि तो मी आजोबांपासून लपवला नाही. "पायऱ्या कमी असतील," मी म्हटलं. ते म्हणाले, "असतील." एवढंच.

१३ नोव्हेंबर २००८, गुरुवार, रात्रीचा सामना, समोर बफेलो. माझं त्या दिवशी प्रयोगशाळेत एक्स्ट्रूडर यंत्रावर काम होतं, ते मी पुढे ढकललं. ओळीतले सगळे आले होते. एक बाई चाकाच्या खुर्चीवर आल्या होत्या. त्यांना वर नेता येईना, म्हणून त्या खालीच थांबल्या आणि मध्यंतरात सगळे एकेक करून त्यांना भेटून आले. कुणीतरी मक्याचा ब्रेड आणला होता. मी कांदेपोहे केले होते, मिरच्या कमी घालून. डबा ओळीत फिरला आणि पुसून परत आला.

सामना संपेना. चौथा क्वार्टर संपला तेव्हा बरोबरी. मग निकालासाठी जादा खेळ, ओव्हरटाइम. पहिला ओव्हरटाइम, बरोबरी. दुसरा, बरोबरी. तिसरा, बरोबरी. एव्हाना पाय बधिर झाले होते, नाक लाल झालं होतं, पण ओळीतलं कुणी उठेना. आजोबा बसलेच नव्हते. उशी माझ्या मांडीवर देऊन ते उभे होते, हात खिशात, ओठ घट्ट. मागचा मित्र पुटपुटला, "जाऊ देत नाही बघ आपल्याला." चौथ्या ओव्हरटाइममध्ये बफेलो तीन गुणांनी जिंकलं. ४३-४०.

लोक लगेच गेले नाहीत. हरल्यावर नेहमी पहिली दहा मिनिटं फाटकाशी गर्दी असते. त्या रात्री पायऱ्या भरलेल्याच राहिल्या. दिव्यांच्या उजेडात तोंडाच्या वाफा दिसत होत्या. कुणीतरी चाकूच्या टोकाने बाकड्यावरचा जागेचा आकडा खरवडून काढत होतं. आजोबांनी काही घेतलं नाही. जाताना प्रत्येक सातव्या-आठव्या पायरीला ते थांबले, पण या वेळी बोलले कुणाशीच नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "दहा वर्षांचा होतो मी, हे सुरू झालं तेव्हा. वडिलांच्या खांद्यावर बसायचं माझं वय नव्हतं, तरी बसलो होतो."

१२ सप्टेंबर २००९ ला नवं इन्फोसिजन स्टेडियम सुरू झालं. खर्च ६ कोटी डॉलरच्या वर, क्षमता सुमारे ३० हजार. पहिल्याच सामन्यात मॉर्गन स्टेटला ४१-० हरवलं. मी प्रयोगशाळेतून चालत गेले, सात मिनिटांत. माझ्याबरोबर पाच जण आले, त्यात एक चिनी आणि एक कोरियन मुलगी, ज्यांनी तोवर एकही सामना पाहिला नव्हता. स्वच्छतागृहं लख्ख, पडदा मोठा, आवाज घुमत होता. ते स्टेडियम चांगलं आहे. हे मी मनापासून लिहिते आहे.

आजोबा त्या मोसमात एकदाच आले. गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास गेला. त्यांच्या ओळीतले सगळे नव्या मैदानात वेगवेगळ्या ठिकाणी विखुरले होते, काहींनी तिकीटच काढलं नव्हतं. आजोबांच्या एका बाजूला मी होते आणि दुसऱ्या बाजूला फोनवर बोलणारा एक मुलगा. मध्यंतरात त्यांनी मागे वळून पाहिलं, सवयीने, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि परत पुढे बघितलं. मला तेवढंच पुरलं. रबर बोलमध्ये विद्यापीठ शहराकडे जायचं, टेकडीवर, विमानतळाजवळ, कारखान्यांत राबलेल्या लोकांच्या दारात. आता शहराने विद्यापीठाकडे यायचं होतं. अंतर पाच-सहा मैलांचंच, पण त्या वयात चालायची दिशा बदलणं सोपं नसतं. मैदान बदलताना ओळी तरी एकत्र ठेवायला हव्या होत्या, कुणीतरी बसून जुन्या तिकिटांची यादी काढून, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सिमेंटचं वय झालं होतं, मान्य. त्या ओळीचं झालं नव्हतं.

नव्या मैदानाने संघाचं नशीबही उघडलं नाही. २०१०, २०११, २०१२ ही तिन्ही वर्षं प्रत्येकी एक विजय आणि अकरा पराभव. २०१९ मध्ये बारापैकी बारा सामने हरले. मधे २०१५ मध्ये आयडाहोत यूटा स्टेटला २३-२१ हरवून एक बोल सामना, म्हणजे मोसमानंतरचा खास सामना, जिंकला, तेव्हा मी नोकरीच्या गावी टीव्हीसमोर एकटी नाचले.

आजोबा २०१३ मध्ये गेले. त्याच वर्षी रिकामं पडलेलं रबर बोल एका खाजगी कंपनीने ३८ हजार डॉलरला विकत घेतलं. नाशिकला गंगापूर रोडवर त्या पैशात तेव्हा दोन खोल्यांचा फ्लॅट यायचा. तिथे पुन्हा खेळ सुरू होणार अशी भाषा होती, झालं काहीच नाही. मैदानात झुडपं उगवली, भिंतींवर रंगांचे फवारे. २०१८ मध्ये पाडायला सुरुवात झाली. मी तेव्हा कामासाठी अ‍ॅक्रनला गेले होते आणि संध्याकाळी मुद्दाम त्या बाजूने गाडी काढली. कुंपणाबाहेर थांबले. पोकलेन उभा होता, काम संपलं होतं त्या दिवसाचं. टेकडीत बसवलेल्या काही पायऱ्या अजून शाबूत होत्या. आमची ओळ कुठली, ते लांबून ओळखता येईना. पलीकडे एअरडॉक तसाच.

आजोबांच्या मुलीने घर आवरताना मला फोन करून विचारलं होतं, काही हवं का. मी उशी मागितली. तिला आश्चर्य वाटलं, कारण ती कचऱ्याच्या पिशवीत गेली होती. तिने ती परत काढली आणि टपालाने पाठवली. आतला फोम आता उरला नाही, हाताने दाबला की पिठासारखा सांडतो. २०१९ मध्ये बाबा इथे आले तेव्हा मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शिवण बघितली, कोपरा उसवला, आतला भुगा चिमटीत घेऊन चोळला, वास घेतला आणि म्हणाले, "गंधक कमी घातलंय." मग स्वयंपाकघरातून एक रिकामा डबा मागितला आणि तो सगळा भुगा चमच्याने त्यात भरून ठेवला. पिवळं कापड धुऊन वाळत घातलं.